पाळण्यात कोण, बाकावर कोण?

दिवाळीची सुट्टी जवळ आली आणि गोदामांतून बोनसची भाषा सुरू झाली, की कशेळीत एक जुनाच वाद नव्याने पेटतो. वादाचा विषय निवडणूक नव्हे, क्रिकेट नव्हे, आणि ज्यावर सारे गाव नेहमी बोलते तो रस्त्यावरच्या ट्रकांचा तुंबाराही नव्हे. प्रश्न एवढाच असतो, की यंदा मुलांना न्यायचे कुठे? टिकुजीच्या वाडीत, पाण्याच्या पार्कात, की थेट खोपोलीला?

प्रश्न साधा दिसतो. पण तो विचारल्याबरोबर घराघरांतून दोन पक्ष उभे राहतात. चहाच्या टपरीवर तिसरा पक्ष निघतो. आणि गोदामात माल चढवता-उतरवता चौथा पक्ष असा काही मुद्दा काढतो, की पहिले तिघेही गप्प बसतात. करमणुकीच्या बागांचे, म्हणजे ज्यांना सर्वजण 'पार्क' म्हणतात त्यांचे, हे भोक्ते म्हणजे एक वेगळीच जात आहे. नाटकवेडे असतात, भजनवेडे असतात, तसे हे पार्कवेडे. वर्षातून एकदाच जातील. पण त्या एका दिवसावर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस बोलतील.

कशेळीला हा छंद जडावा यात नवल नाही. ठाण्याहून भिवंडीला निघाले, की बाळकुम मागे पडते, खाडीवरचा पूल लागतो आणि पूल उतरला की कशेळी. एके काळी जिथे भाताची खाचरे होती, तिथे आज गोदामांच्या पत्र्याच्या रांगा आहेत. जुनी आगरी-कोळी घरे आहेत, नव्या इमारतींतून राहायला आलेले ठाणे-मुंबईकर आहेत, आणि पोटासाठी दूरदेशाहून आलेले कामगार आहेत. या साऱ्यांच्या मुलांना खेळायला जागा किती, हे विचारू नये. खाडी आहे, पण तीत पोहता येत नाही. रस्ता आहे, पण तो ओलांडतानाच पाळण्यात बसल्याचा थरार येतो! अशा ठिकाणच्या मुलांना 'आज पार्कात जायचे' हे तीन शब्द म्हणजे सोन्याचा दिवस वाटला, तर त्यांचे काय चुकले?

जत्रा गावाकडे येई, आता गाव जत्रेकडे जाते

जुन्या पिढीच्या मते या साऱ्या पार्कांची आई म्हणजे जत्रा. चैत्रात वज्रेश्वरीची, पौषात मुरबाडकडच्या म्हशाची. म्हशाला बैलांचा बाजार भरे, घोंगड्या विकत मिळत, आणि एका कोपऱ्यात आकाशपाळणा कुरकुरत असे. चार लाकडी पाळण्यांचा तो रहाट दोन धट्टेकट्टे गडी हाताने फिरवीत. पुढे विजेचे पाळणे आले, मौतका कुआँ आला, आरशांचे घर आले. पण एक गोष्ट बदलली नाही. जत्रेत शिरायला दाम लागत नसे. ज्याला पाळण्यात बसायचे त्याने पाळण्याचे पैसे द्यावेत. ज्याला नुसते हिंडायचे त्याने हिंडावे, बत्तासे घ्यावेत, देवाला हात जोडावेत आणि परत यावे.

मोठ्या पार्काचे युग मुंबईच्या परिसरात सुरू झाले ते १९८९ साली. त्या वर्षी सुभाष चंद्र यांनी गोराईच्या किनाऱ्यावर एस्सेल वर्ल्ड उघडले. तिथे जायला होडीत बसावे लागे, आणि ज्या मुलांनी होडी फक्त कोळ्यांची पाहिली होती त्यांना तो प्रवासच अर्धा खेळ वाटे. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आले. ठाणेकरांना आणि पर्यायाने कशेळीकरांना त्याहून जवळची ठिकाणे मिळाली ती घोडबंदर रस्त्याला : येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी मानपाड्याची टिकुजी-नी-वाडी आणि त्याच रस्त्यावरचे सूरज वॉटर पार्क. मग एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर मनमोहन शेट्टी यांचे इमॅजिका सुरू झाले आणि पार्कवेड्यांच्या वादाला नवा दारूगोळा मिळाला. चित्रपटांच्या प्रक्रियेचा व्यवसाय केलेल्या या गृहस्थाने पार्कही चित्रपटासारखाच उभा केला. पुढे २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने तो हाती घेतला.

आगरी-कोळी घरांना खोपोलीचा रस्ता नवा नाही. कार्ल्याच्या एकवीरेला जाणारी वाट तिथूनच वर घाटात चढते. त्यामुळे 'आधी आईचे दर्शन, मग पार्क' की 'आधी पार्क, मग दर्शन', हा उपवादही कित्येक घरांत रंगतो. त्यात निकाल बहुधा आजीच्या बाजूने लागतो आणि मुले पायऱ्या चढताना घड्याळाकडे पाहत राहतात.

पहिला वाद : पुढचा डबा की मागचा?

रोलर कोस्टर म्हणजे रुळांवरून चढ-उतार घेत पळणारी गाडी. तिच्यात पहिल्या रांगेत बसावे की शेवटच्या, यावर पार्कवेड्यांत जेवढी भांडणे झाली असतील तेवढी बांधावरून झाली नसतील. पुढचा डबावाले म्हणतात, "समोर कोणी नाही, नुसते आकाश! भीती खायची तर ताटातली खा, उष्टी कशाला?" मागचा डबावाले म्हणतात, "तुम्ही फक्त पाहता. अंगाला झटका बसतो तो आम्हांला."

गंमत अशी, की दोघांचेही खरे आहे. साखळीने गाडी शिखरावर नेऊन सोडली, की पुढे वजनच तिला ओढते. पुढचा डबा उताराच्या तोंडाशी येतो तेव्हा निम्मी गाडी मागे चढावरच असते. म्हणून तो क्षणभर दरीवर लोंबकळत राहतो. मागचा डबा शिखरावर पोचतो तेव्हा पुढच्या डब्यांनी उतारावर वेग घेतलेला असतो. म्हणून त्याला कोणी दंडाला धरून खाली खेचावे तसे होते आणि बसणारा आसनावरून उचलला जातो. पुढच्याला दृश्य, मागच्याला हिसका. ज्याची जशी भूक, तसे त्याने बसावे.

कोस्टर चढावर जाताना खालून 'कट कट कट' असा आवाज येतो. कोणी म्हणतो तो घाबरवण्यासाठी मुद्दाम केलेला असतो. पण भिवंडीत माग चालवलेला माणूस तो आवाज ओळखतो. मागावर विणलेले कापड ज्या रुळाला गुंडाळले जाते, त्याला एक दातेरी चाक असते आणि त्या चाकाच्या दातांत एक खटका पडत असतो. त्यामुळे रूळ पुढे फिरतो, मागे फिरत नाही. चढावरची युक्ती तीच. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तो खटका दातादातांवर पडत जातो. ज्या आवाजाने छाती धडधडते, तोच जिवाची हमी देत असतो!

या साऱ्या खेळाचा आरंभ मात्र फार मवाळ होता. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्प्सन नावाच्या गृहस्थाने पाच सेंट घेऊन जी गाडी चालवली, तिचा वेग ताशी सहा मैल होता. आपल्या घोडागाडीनेही तिला मागे टाकले असते. इमॅजिकाची 'नायट्रो' ही स्वित्झर्लंडच्या कारागिरांची करामत. सुमारे ४० मीटर उंच, ताशी शंभर किलोमीटरवर वेग, पायांखाली फळी नाही, आणि माणूस पाच वेळा उलटा होतो. उलटे होण्याचेही शास्त्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जे फेरे बांधले गेले ते अगदी वाटोळे होते. त्यांत शिरताना मानेला असा झटका बसे, की लोकांनी नाद सोडला. १९७६ साली कॅलिफोर्नियात जो फेरा बांधला गेला तो पाण्याच्या थेंबासारखा, खाली पसरट आणि वर निमुळता. त्यामुळे आत शिरताना वजन हळूहळू वाढते आणि मान शाबूत राहते. म्हणजे भीतीलाही वळण लावावे लागते.

दुसरा वाद : गोष्ट हवी की गिरकी?

इमॅजिका आल्यापासून हा दुसरा वाद निघाला. 'थीम पार्क' म्हणजे नुसते पाळणे नव्हेत. प्रत्येक पाळण्यामागे एखादे कथासूत्र हवे. खोपोलीच्या पार्कात 'मिस्टर इंडिया' या १९८७ सालच्या चित्रपटावर एक खेळ बेतला गेला. दुसरा होता राजासॉरसचा. हा प्राणी काल्पनिक नव्हे. गुजरातेतल्या रहिओली गावाजवळ मिळालेल्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी २००३ साली त्याला हे नाव दिले. नर्मदेच्या खोऱ्यात कोट्यवधी वर्षांपूर्वी हिंडलेला हा आपला राजा, रायगड जिल्ह्यात नावेतून जाणाऱ्या मुलांच्या अंगावर ओरडू लागला!

गोष्टवाले म्हणतात, "गिरकी काय, जत्रेतही मिळे. पण मुलगा घरी येऊन 'राजासॉरस म्हणजे काय' असे विचारतो, हे जत्रेत कुठे होते?" गिरकीवाले म्हणतात, "गोष्ट ऐकायची तर आजी आहे. पैसे मोजले ते पोटात गोळा यावा म्हणून." एका शाळेच्या बाईंनी यावर दिलेला निकाल मला फार पटला. त्या म्हणाल्या, "सहलीहून आल्यावर निबंध लिहायला दिला, की गिरकीवर मुले दोन ओळी लिहितात आणि गोष्टीवर दोन पाने. पण दोन ओळी लिहिताना जास्त हसतात."

पाण्याच्या पार्कांचा पंथ या दोघांपासून अलग. त्यांना ना गोष्ट हवी ना गिरकी. उन्हाळ्यात डुंबायला मिळाले म्हणजे पुरे. पण तिथेही एक नियम आडवा येतो. घसरगुंडीवर आणि कुंडात सुती कपडा चालत नाही, साडी तर नाहीच. सुताचे तंतू पाणी गाळणाऱ्या यंत्रात जातात आणि सैल कपडा अडकून अपघात होतो, हे कारण रास्त आहे. म्हणून नायलॉनचा पोशाख भाड्याने घ्यावा लागतो. ज्या तालुक्यात रात्रंदिवस कापड विणले जाते, तिथल्या बायकांनी पाण्यात उतरायला कपडा भाड्याने आणावा, हा दैवदुर्विलासच म्हणायचा! पुष्कळ जणी तो घेतच नाहीत. पाय बुडवून काठावर बसतात आणि चपला, घड्याळे, मोबाइल सांभाळतात.

या काठावर बसणाऱ्या बायकांपाशीच खरा वाद सुरू होतो.

तिसरा वाद : पैसे वसूल झाले का?

पार्कातून परत येणाऱ्या माणसाला कशेळीत पहिला प्रश्न 'मजा आली का?' असा विचारीत नाहीत. 'पैसे वसूल झाले का?' असा विचारतात. याला कारण आहे. मोठ्या पार्कांनी दारावरच एक रकमी तिकीट घेण्याची चाल पाडली. एकदा आत गेले, की हवे तितके पाळणे. ऐकायला हे कुबेराचे भांडार वाटते. पण माथाडीच्या किंवा मागावरच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात चौघांचे तिकीट, गाडीखर्च आणि आतले जेवण मिळून जो आकडा होतो, तो बोनसला चांगलेच खिंडार पाडतो. त्यातून सरकारी कर. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा पार्काच्या तिकिटावर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून दिवाळीचा चिवडा आणि चकल्या गाडीतच संपवाव्या लागतात. आणि सकाळी नवाला चकल्या खाऊन दहाला उलटे टांगून घेण्याचे परिणाम सांगण्याची गरज नाही.

एक रकमी पैसे भरलेला बाप मग हिशेब करू लागतो. इतके पाळणे, इतके तास; म्हणजे दर पाळण्याला इतके रुपये. रांग लांब असली की त्याचे मन खट्टू होते. जादा पैसे भरून रांग टाळणारी मंडळी बाजूच्या वाटेने पुढे गेली, की त्याच्या कपाळावर आठी पडते. मुलगा एकाच घोड्यावर पुन्हा पुन्हा बसू म्हणतो, तर बाप म्हणतो, "अरे, तो झाला! पुढचा बघ." मुलाला घोडा आवडलेला असतो, बापाला तिकीट आठवत असते. उंचीच्या पट्टीपाशी तर मोठे नाटक होते. पट्टीला दोन बोटे कमी पडलेल्या मुलाला टाचा उंचवायला सांगणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना वाटते, पहारेकरी आपले पैसे बुडवतो आहे. वास्तविक तो आपले मूल वाचवीत असतो. अंगावर आवळला जाणारा तो दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी घडवलेला असतो. लहान देह त्याखालून निसटू शकतो. वसुलीच्या नादात एवढे भान सुटावे, ही या एक रकमी तिकिटाची सर्वांत वाईट करणी.

आणि ज्याची वसुली कधीच होत नाही असा एक माणूस प्रत्येक घोळक्यात असतो. तो बाकावर बसलेला असतो. कधी ती गुडघे धरलेली आजी असते, कधी पोटुशी वहिनी, कधी चक्कर येणारा मामा. बहुतेक वेळा ती आईच असते. तिच्या मांडीवर चार पिशव्या, शेजारी पाण्याच्या बाटल्या, हातात साऱ्यांचे मोबाइल. पाळणा वर गेला की ती मान वर करते, खाली आला की हात हलवते. मुले उतरली की पदराने त्यांचा घाम पुसते आणि विचारते, "आता कुठला?" संध्याकाळी परतताना तिला कोणी विचारत नाही, की तुला काय आवडले. तिकीट मात्र तिचेही पूर्ण असते. जत्रेने तिच्याकडे दमडी मागितली नव्हती.

बाकावरच जन्मलेली कल्पना

आता वाचकांना एक नवल सांगतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पार्काचा जन्म अशाच एका बाकावर झाला. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घोड्यांच्या चक्रावर बसवून आणीत असत. मुली चक्रावर, आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला! तिथे बसल्या बसल्या त्यांना वाटले, की जिथे आईबाप आणि मुले बरोबरीने रमतील असे एखादे ठिकाण असायला हवे. पुढे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. म्हणजे सारा हा खटाटोप बाकावरच्या माणसाचा कंटाळा घालवण्यासाठी होता. आमच्याकडे पार्क आले, गाड्या आल्या, राजासॉरस आला; बाक मात्र तसाच राहिला आणि त्यावर बसणारीही तीच.

पैशाच्या बाबतीतही तिकडचा इतिहास पाहण्यासारखा आहे. आरंभी डिस्नेलँडच्या दारावर मोठ्या माणसाला एक डॉलर पडे आणि प्रत्येक खेळाचे दाम निराळे असे. लवकरच तिकिटांची पुस्तके निघाली. एकच तिकीट घ्या आणि हवे तितके खेळा, ही सर्वांना लागू झालेली पद्धत तिथे १९८२ साली आली. पण डिस्ने यांनी १९५१ साली जे कोपनहेगनचे तिव्होली उद्यान पाहिले, ते १८४३ सालापासूनचे आहे, आणि तिथे आजही दोन वाटा आहेत. नुसते बागेत शिरायचे असेल तर प्रवेशापुरते द्या. पाळण्यात बसायचे असेल तर त्याचे वेगळे. तिथली आजी फुले पाहते, वाद्ये ऐकते, बाकावर बसते आणि तिच्याकडून कोणी गिरकीचे दाम घेत नाही. म्हशाच्या जत्रेचा हा न्याय डेन्मार्कमध्ये पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.

यावर पार्काची बाजू घेणारेही कशेळीत आहेत, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ते म्हणतात, "जत्रेचा पाळणा चार दिवसांचा. आज उभारला, पाचव्या दिवशी मोडला. नट कुणी आवळला, कुणी तपासला, देव जाणे. इथे रोज सकाळी दार उघडण्याआधी रिकामी गाडी फिरवून बघतात. त्या देखरेखीला पैसे लागतात. ते दारावर घेतले नाहीत तर कुठून आणायचे?" खरे आहे. विकतची भीती स्वस्तात घेऊ नये. ती स्वस्त झाली, की खरी होते. ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सवलतही असते, हेही मान्य. पण ती सवलत वयाची. चाळिशीतली आई पिशव्या घेऊन दिवसभर बसली, तर तिच्यासाठी कुठला दर? जो गाडीत बसतच नाही, त्याच्या वाट्याला तपासणीचा खर्च का यावा? बाकाचे एक वेगळे, कमी दराचे तिकीट काढले तर पार्क बुडेल असे वाटत नाही. उलट आज तिकिटाच्या धाकाने जी आजी, जी आत्या घरीच ठेवली जाते, ती बरोबर येईल. आणि ती आली, की आतला चहा आणि भजी तिच्यामुळेच जास्त खपतील. हा व्यापाराचा हिशेब आहे. तो आम्ही गोदामवाल्या गावच्या लोकांनी सांगावा, हे योग्यच!

पार्कवाले हे ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर आपल्या हातातले आपण करावे. यंदा दिवाळीत ज्यांचा बेत ठरला असेल त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ठरवून टाकावी : पिशव्या कोणी, किती वेळ सांभाळायच्या. तास तास वाटून घ्यावेत. बापाने दोन तास, थोरल्या मुलाने एक, काकाने एक. चक्कर येत असेल तर आईला गाडीत बसवू नये. पण गोष्टीच्या नावेत, फुलांच्या वाटेवर, लहान घोड्यांच्या चक्रावर ती आनंदाने बसेल. विचारून तर पाहावे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात कशेळीचे स्थानक आहे. उद्या प्रवास सोपा होईल, पार्क जवळ येतील, पाळणे आणखी उंच होतील. पण पुढचा डबा की मागचा, गोष्ट की गिरकी, हे सारे वाद घालण्याचा हक्क पाळण्यात बसलेल्यालाच मिळतो. तो हक्क घरातल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी मिळाला, तर पैसे वसूल झाले असे खुशाल समजावे.